ग्रीक नकारदर्शक उपसर्ग आणि नञर्थाच्या सहा छटा

शाहूवाडीसारख्या डोंगराळ तालुक्यातील बहुतांश विद्यार्थी दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकतात. अकरावीच्या विज्ञान शाखेत इंग्रजी परिभाषा त्यांच्यासमोर एकदम उभी राहते. तेव्हा शब्दसंग्रहाच्या मार्गदर्शिका एक सोपे सूत्र हाती देतात : ग्रीक ‘अ’ किंवा ‘अन्’ म्हणजे ‘नाही’. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हे सूत्र चूक नाही. अर्थाच्या दृष्टीने मात्र ते फार अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

रूपाचा प्रश्न मराठी विद्यार्थ्याला अवघड जाऊ नये. व्यंजनापूर्वी ‘अ’ आणि स्वरापूर्वी ‘अन्’ ही ग्रीकची रीत ‘अज्ञान’ आणि ‘अनंत’ या शब्दांतही आहे. पाणिनीने ती ६.३.७३-७४ या सूत्रांत नोंदविली आहे. दोन्ही उपसर्गांचे भारोपीय मूळ एकच. ‘अॅनार्की’ आणि ‘अराजक’ यांची घडण म्हणूनच इतकी जुळते.

खरी अडचण अर्थाची आहे. संस्कृत वैयाकरणांनी नञाचे सादृश्य, अभाव, तदन्यत्व, तदल्पता, अप्राशस्त्य आणि विरोध असे सहा अर्थ मानले. मराठीच्या वर्गात नञ् तत्पुरुष शिकविताना आपण ते सांगतो आणि तिथेच सोडून देतो. ‘अॅनिमिया’ हा शब्द घ्या. अक्षरशः अर्थ ‘रक्त नसणे’. प्रत्यक्षात, गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीच्या रक्तात दर डेसिलिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाने तो अॅनिमिया ठरतो. ही तदल्पता होय. ‘अनुदरा’ म्हणजे उदर नसलेली नव्हे, कृशोदरी, तशी. खेड्यातील बाई ‘अंगात रक्त कमी आहे’ असे म्हणते, ते मार्गदर्शिकेतील अर्थापेक्षा अधिक अचूक असते! २०१८ मध्ये ‘अॅनिमिया मुक्त भारत’ ही मोहीम सुरू झाल्यापासून हा शब्द गावोगाव पोहोचला आहे, तेव्हा हा भेद केवळ परीक्षेपुरता उरत नाही.

‘अलैंगिक प्रजनन’ या संज्ञेत प्रजननाचा निषेध नाही. लैंगिकाहून अन्य रीत एवढेच सांगावयाचे आहे. ‘अमॉरल’ या शब्दात ग्रीक उपसर्ग लॅटिन मुळाला जोडला आहे. नीतीच्या कक्षेबाहेरचे, असा त्याचा अर्थ. त्याला ‘अनैतिक’ म्हटले की तदन्यत्वाचा विरोध होतो आणि ‘इम्मॉरल’शी असलेला भेद पुसला जातो. येथे ‘नीतिनिरपेक्ष’ हाच पर्याय योग्य.

अर्थात नञर्थाची वर्गवारी लावण्यापूर्वी उपसर्ग नकाराचाच आहे ना, हे पाहावे लागते. ‘अॅनाटॉमी’ आणि ‘अॅनॅलिसिस’ यांच्या आरंभी ‘अना’ हा वेगळाच ग्रीक उपसर्ग आहे, ‘वर’ किंवा ‘पूर्णपणे’ या अर्थाचा. ‘अॅबनॉर्मल’मधील ‘अॅब’ तर लॅटिन आहे. अक्षरसाम्यावर विसंबून तयार केलेल्या याद्यांत हे शब्दही नकारार्थी म्हणून एकाच रांगेत बसविलेले आढळतात.