हाराचा मुहूर्त

अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात आणि वधूच्या हातातला निशिगंधाचा हार वराच्या गळ्यात जातो. सोहळा क्षणाचा, पण त्याची तयारी पहाटे मळ्यात कळी खुडली गेली तेव्हाच सुरू झालेली असते. नेमक्या या घटकेला हारातलं प्रत्येक फूल ऐन भरात असावं, ही चांगल्या हारवाल्याची खरी कला. रंगसंगती त्यानंतर येते.

हाराचा पाया म्हणजे निशिगंध. त्याच्या दांड्यावरच्या कळ्या खालून वर उमलत जातात, त्यामुळे एकाच दांड्यावर पूर्ण फूल आणि मिटलेली कळी दोन्ही सापडतात. जाणता हारवाला सारख्या वयाची फुलं वेचून एका पदरात ओवतो. म्हणूनच तो पदर एकसंध दिसतो. दुहेरी निशिगंध पाकळ्यांनी गच्च भरलेला, फुलदाणीत डौलदार. पण हाराला एकेरीच घ्यावा. तो हलका असतो आणि त्याचा गंध मोकळा असतो. हे झाड मूळचं मेक्सिकोचं. रात्री उडणाऱ्या पतंगांना बोलावणारं त्याचं फूल, म्हणून दिवस कलला की त्याचा सुगंध गडद होतो. गोरज मुहूर्ताला हा हार जसा खुलतो तसा दुपारच्या उन्हात खुलत नाही.

मोगऱ्याची शिस्त याहून कडक. कळी पहाटे मिटलेली असतानाच खुडतात. टपोरी, पांढरीशुभ्र कळी त्याच संध्याकाळी फुलते. हिरवट, लहान कळी बहुधा न उमलताच सुकते, म्हणून गजरा घेताना आधी कळीचा रंग पाहावा. सकाळचा मुहूर्त असेल आणि कळ्या त्याच पहाटेच्या असतील, तर गजरा दिसेल देखणा, पण मंगलाष्टकांच्या वेळी मुका राहील आणि रात्रीच्या स्वागतसमारंभात बोलू लागेल. सकाळी गंध हवा असेल तर रात्री उमललेला निशिगंध जास्त भरवशाचा.

पांढऱ्या पदरात लाल गुलाब येतो तो ताल म्हणून. मोजक्या जागी, सारख्या अंतरावर आला तर नजर त्याच्यावर टेकत टेकत खालच्या गोंड्यापर्यंत पोहोचते. दाटीवाटीने भरला तर हाराला फक्त वजन येतं. अर्धवट उमललेला गुलाब घ्यावा आणि देठाजवळ हलकेच दाबून पाहावा. तिथे तो टणक असेल तर ताजा. गोव्यात आणि दक्षिण कोकणात वेणीत अबोली गुंफतात. तिला वास नाही, पण तिचा केशरी रंग आणि टिकाऊपणा असा की मोगरा मलूल झाल्यावरही वेणी उजळ राहते. मोगरा गंध देतो, अबोली धीर देते. दोघांची जोडी म्हणूनच इतकी जमते.

फुलं जपायची तर त्यांना गारवा द्यावा, आंघोळ घालू नये. घट्ट पिळलेल्या ओल्या सुती कापडात किंवा केळीच्या पानात ती सैल गुंडाळावीत. पाकळ्यांत पाणी साचलं की तपकिरी डाग पडतात, आणि बोटांनी सारखं हाताळलं तरी मोगरा काळवंडतो. अत्तर फुलांवर शिंपडू नये. पंख्याचा झोत टाळावा. हार एकावर एक न रचता मोकळे पसरून ठेवावेत. लग्नघरात हमखास होणारी चूक म्हणजे ओटीच्या फळांशेजारी फुलांची टोपली. पिकणाऱ्या केळ्यांतून आणि आंब्यांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने बरीच फुलं लवकर कोमेजतात. फ्रिजमध्येही फुलं फळांसोबत ठेवू नयेत.

दादरच्या फूलबाजारात किंवा पुण्याच्या मार्केट यार्डात गेल्यावर बरेच जण आधी शालूच्या रंगाचा नमुना पुढे करतात. तोही दाखवावा, पण आधी मुहूर्त सांगावा, हार किती वाजता गळ्यात पडणार ते सांगावं, आणि लग्न उघड्या मांडवात आहे की एसी हॉलमध्ये तेही सांगावं. जो हारवाला हे ऐकून कळ्यांची निवड बदलतो, त्याच्याकडेच हार करायला द्यावा. त्याने मागितलेले चार पैसे जास्तीचे असले, तरी ते त्याच्या पारखीचे आहेत आणि ते आनंदाने मोजावेत.