सैतानाने सांगितलेले भविष्य
(तिर्सो दे मोलिना यांच्या एका नाटकाचा विचार)

परमेश्वर सर्वज्ञ आहे. माझा शेवट स्वर्गात होणार की नरकात, हे त्याला आजच ठाऊक आहे. मग माझ्या प्रार्थनेने, उपवासाने, कुमसाराने त्यात काय बदलणार? धर्मशिक्षणाच्या वर्गात एखादा चुणचुणीत मुलगा हा प्रश्न विचारतो आणि शिकविणारे क्षणभर गडबडतात. वडीलधारी मंडळी तो विचारीत नाहीत, कारण बहुतेकांनी उत्तर मनोमन ठरवून टाकलेले असते : कपाळी लिहिलेले चुकत नाही. पाचवीच्या रात्री सटवाई ललाटलेख लिहिते, असे आपण मानीत नाही. तथापि कुटुंबातले कोणी वाईट मार्गाला लागले, की ‘त्याच्या नशिबातच ते होते’ हे शब्द सहज आपल्या तोंडी येतात आणि त्या एका वाक्यात परमेश्वराची दया व माणसाचे स्वातंत्र्य या दोहोंनाही आपण रजा देतो.

या प्रश्नावर धर्मपंडितांनी मोठमोठे ग्रंथ लिहिले. एका स्पॅनिश संन्याशाच्या नावावर मात्र त्यावरचे एक नाटक आहे. ‘एल कोंदेनादो पोर देस्कोन्फियादो’, म्हणजे ‘भरवसा न ठेवल्यामुळे दंड पावलेला’. फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये प्रथम छापले गेले. त्यानंतर एकोणीस वर्षांनी, १६३५ साली, हे नाटक तिर्सो दे मोलिना यांच्या नाट्यसंग्रहात छापून आले. तिर्सो हे टोपणनाव. खरे नाव गाब्रिएल तेयेस. मर्सिडेरियन संघाचे हे धर्मगुरू १६४८ साली वारले. नाटक त्यांचेच की आणखी कोणाचे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु कर्ता कोणीही असो, प्रश्नाच्या गाभ्याला त्याने हात घातला आहे, हे निश्चित.

कथानक थोडक्यात असे. पाउलो हा तपस्वी दहा वर्षे रानात राहून कठोर साधना करीत आहे. एके दिवशी त्याला स्वप्न पडते : मृत्यू येतो, न्याय होतो, तराजूत त्याची पापे जड ठरतात. भयभीत झालेला पाउलो देवाला विनवितो, माझा शेवट काय होणार ते मला सांग. या संशयाचा फायदा घेऊन सैतान देवदूताच्या वेषात प्रकट होतो आणि म्हणतो, नेपल्स शहरात जा, आनारेतोचा मुलगा एन्रिको याला पाहा. त्याचा जो शेवट तोच तुझा. हा एन्रिको कोणी महात्मा असणार, अशा समजुतीने पाउलो शहरात जातो. पाहतो तो काय, एन्रिको म्हणजे खुनी, दरोडेखोर, आपल्या दुष्कृत्यांची बढाई मारणारा गुंड. याचा शेवट नरकात, तेव्हा माझाही नरकातच, मग सोसायचे कशाला? पाउलो तपाची वस्त्रे टाकून लुटारूंचा म्होरक्या होतो.

इकडे एन्रिकोच्या आयुष्यात एकच जागा स्वच्छ आहे. घरी अपंग म्हातारा बाप आहे. त्याला तो स्वतः भरवतो, जपतो. सुपारी घेऊन एका वृद्धाला मारायला निघाला असता त्या चेहऱ्यात त्याला बाप दिसतो आणि हात उचलत नाही. पुढे तो पकडला जातो. तुरुंगात सैतान त्याला पळून जाण्याची वाट दाखवतो, पण दुसरा एक आवाज त्याला थांबवतो. पापनिवेदनाची विनवणी तो आधी धुडकावून लावतो. शेवटी म्हातारा आनारेतो स्वतः तुरुंगात येतो, मुलापुढे रडतो, आणि एन्रिकोचे मन द्रवते. तो पापनिवेदन करतो, फाशी जातो आणि तारला जातो. रानात जखमी होऊन पडलेल्या पाउलोला त्याचा जुना सोबती पेद्रिस्को हे सारे सांगतो व देवाची क्षमा मागण्यास विनवितो. पाउलो क्षमा मागत नाही. आपला शेवट एन्रिकोच्या शेवटाशी बांधलेला आहे, एवढेच तो धरून बसतो आणि तसाच मरतो. शेवटी ज्वाळांनी वेढलेला पाउलो रंगमंचावर येतो व आपण नरकात गेल्याचे सांगतो.

हे नाटक वाचून काही जण म्हणतात, देवाने दहा वर्षांच्या तपस्व्याला टाकले आणि गुंडाला उचलले. म्हणजे सारे आधीच ठरलेले होते! या वाचनात एक महत्त्वाची गोष्ट नजरेतून निसटते. संपूर्ण नाटकात पाउलोचे भविष्य सांगणारे पात्र एकच आहे, आणि ते म्हणजे सैतान. शिवाय त्याने सांगितलेले भविष्य साफ खोटे ठरते. दोघांचा शेवट एक होईल असे तो म्हणाला. प्रत्यक्षात एक तारला गेला, दुसरा बुडाला. देवाच्या बाजूने बोलणारेही नाटकात आहेत. हरवलेल्या मेंढरासाठी मुकुट गुंफणारा एक मेंढपाळ मुलगा रानात पाउलोला भेटतो, देवाच्या दयेविषयी त्याच्याशी बोलतो. पुढे तोच मुलगा गुंफलेला मुकुट दुःखाने उसवताना दिसतो. तुरुंगातला तो अदृश्य आवाजही देवाचाच. परंतु यांपैकी एकानेही कोणाचे भाकीत केलेले नाही. ते फक्त हाक मारतात. भाकिताला माणसाचे उत्तर लागत नाही, हाकेला लागते. देवाचे ज्ञान आणि माणसाचे नशीब यांतला फरक नाटककाराने असा दाखविला आहे. कपाळावर कोरलेला लेख सैतानाने पाउलोच्या मनात लिहिला, आणि तो खरा मानून पाउलोने आपल्या हाताने आपले आयुष्य त्याबरहुकूम घडविले.

या कथेचे मूळ आपल्याच देशात आहे, हे वाचकांस ठाऊक असेलच असे नाही. थोर स्पॅनिश पंडित रामोन मेनेन्देस पिदाल यांनी १९०२ साली स्पॅनिश अकादमीत प्रवेश करताना जे भाषण केले, ते याच नाटकावर. कथेचा माग काढीत ते महाभारतातील वनपर्वापर्यंत, कौशिक ब्राह्मण व धर्मव्याध यांच्या आख्यानापर्यंत पोहोचले. आपल्या तपाच्या गर्वात असलेल्या कौशिकाला एक गृहिणी मिथिलेतील खाटकाकडे पाठवते. खाटीक त्याला घरी नेतो, आपले वृद्ध आईबाप दाखवतो आणि हेच माझे दैवत, असे सांगतो. कौशिक नम्र होतो व टाकून आलेल्या आपल्या आईबापांच्या सेवेसाठी परततो. दोन्ही कथा शेजारी ठेवल्या की पाउलोची चूक स्वच्छ दिसते. त्याने एन्रिकोला वेशीपाशी, गुंडांच्या घोळक्यात पाहिले. त्याच्या घरात पाऊल टाकले नाही. त्या खोलीतला म्हातारा त्याला दिसला असता, तर नेपल्सची वाट त्यालाही शहाणपणाकडे घेऊन गेली असती.

फरकही तितकाच मोलाचा आहे. महाभारतातील व्याध पुण्यवान आहे. सेवा हे त्याचे तप आहे, आणि खाटकाचा जन्म हे पूर्वजन्मीच्या शापाचे फळ. एन्रिको पुण्यवान नाही. बापाची सेवा करून त्याने स्वर्ग कमावला, असे नाटककार कोठेही म्हणत नाही. त्या मायेतून कृपेला आत यायला एक फट राहिली, इतकेच. कृपा देवाची, फट बुजवायची की नाही, हे एन्रिकोच्या हाती होते.

नाटकामागचा वादही ध्यानात घ्यावा. येशूसंघीय लुइस दे मोलिना यांचा ग्रंथ १५८८ साली लिस्बनला प्रसिद्ध झाला. कोणत्या प्रसंगी कोणता माणूस स्वेच्छेने काय करील हे देव जाणतो आणि त्यानुसार कृपा देतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. दोमिनिकन पंडित बान्येस यांचे म्हणणे असे की, कृपा स्वतःच्याच सामर्थ्याने परिणामकारक असते. वाद रोमपर्यंत गेला आणि वर्षानुवर्षे चालला. १६०७ साली पोप पाचवे पौल यांनी कोणालाच दोषी न ठरविता तो थांबविला. एका पक्षाने दुसऱ्याला पाखंडी म्हणू नये, एवढी आज्ञा मात्र केली. ख्रिस्तसभेने हे रहस्य रहस्यच राहू दिले.

मात्र दोन्ही बाजूंचे काठ ख्रिस्तसभेने आधीच बांधून ठेवलेले होते. त्रेंत धर्मपरिषदेने १५४७ साली शिकविले की, देवाने चेतविलेली मानवी इच्छा निर्जीव वस्तूसारखी पडून राहत नाही; ती संमती देते व नकारही देऊ शकते. आपण निवडलेल्यांपैकी आहोत, असे विशेष प्रकटीकरणावाचून कोणीही खात्रीने मानू नये, हीही त्याच परिषदेची शिकवण. पाउलोला हवी होती ती हीच खात्री. दहा वर्षांच्या तपाची पावती त्याने मागितली. याउलट १४३१ साली न्यायासनापुढे उभ्या असलेल्या संत जोन ऑफ आर्क यांना, तू देवाच्या कृपेत आहेस काय, असे विचारले गेले. कृपेत नसेन तर देवाने मला तीत घ्यावे, असेन तर तीत राखावे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. पाउलोपाशी तप होते. हे उत्तर नव्हते.

नाटकात उणिवा आहेत, त्याही सांगितल्या पाहिजेत. एन्रिकोने ज्यांना मारले, लुटले, त्यांच्यासाठी लेखणी थांबत नाही. समुद्रात ढकललेल्या भिकाऱ्याचे अश्रू कोण पुसणार? तारणाची कथा सांगताना अन्याय सोसलेल्यांचा विसर पडावा, हे आजच्या वाचकाला खटकेल आणि खटकावे. दुसरा धोका असा की, आयुष्यभर वाटेल ते करावे व शेवटी कुमसार करावा, असा सोयीस्कर अर्थ कोणी काढील. यावर उतारा तिर्सो यांच्याच नावावर असलेल्या दुसऱ्या नाटकात, ‘एल बुर्लादोर दे सेविया’मध्ये मिळतो. त्यातला दोन हुआन, अजून पुष्कळ अवकाश आहे, असे म्हणत पश्चात्ताप पुढे ढकलीत जातो आणि कुमसाराची वेळ न मिळताच मरतो. निराशा आणि फाजील भरवसा ही आशेविरुद्धची दोन पापे. ही दोन नाटके जोडीने वाचली म्हणजे शिकवण पुरी होते.

आपल्या कुटुंबांच्या दृष्टीने या नाटकाचे मोल आनारेतोमध्ये आहे, असे मला वाटते. या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याच्या हाती ना सत्ता ना विद्या. मुलाचे सारे अपराध कळल्यावरही ‘त्याच्या नशिबातच ते होते’ असे तो म्हणत नाही. तुरुंगात जातो आणि हाक मारतो. ज्यांची मुले घर सोडून, देऊळ सोडून दूर गेली आहेत, ज्यांचे कोणी शेवटचे संस्कार न मिळता गेले, त्यांनी या बापाकडे पाहावे. ख्रिस्तसभेने अनेकांना संत म्हणून घोषित केले. अमुक माणूस नरकात आहे, अशी घोषणा तिने आजवर कोणाविषयीही केलेली नाही. तिने जो निवाडा केला नाही, तो आपण स्वयंपाकघरात बसून करू नये. मुलासाठी प्रार्थना करावी, आणि जमेल तेव्हा उठून त्याच्याकडे जावे.