आसियान-भारत वस्तुव्यापार करार : पुनरावलोकनाच्या वाटाघाटींची चिकित्सा

प्रादेशिक मुक्त व्यापार करार हा स्वाक्षरीनिशी पूर्ण होणारा दस्तऐवज नसून सातत्यपूर्ण वाटाघाटींतून सुधारत न्यावयाची व्यवस्था आहे, असे प्रतिपादन नेहमी केले जाते. आसियान-भारत वस्तुव्यापार कराराच्या संदर्भात ते तपासून पाहणे उद्बोधक ठरते.

१३ ऑगस्ट २००९ रोजी बँकॉक येथे स्वाक्षरी झालेला हा करार १ जानेवारी २०१० पासून अंमलात आला. आसियान देशांशी असलेली भारताची व्यापारतूट २०१०-११ मध्ये सुमारे ५ अब्ज डॉलर होती. २०२२-२३ मध्ये ती ४३ अब्जांच्या पुढे गेली. तरीही पुनरावलोकनाच्या व्याप्तीला मंत्रिस्तरीय मान्यता मिळाली ती सप्टेंबर २०२२ मध्ये, कंबोडियातील सिएम रीप येथे. व्याप्ती ठरण्यासच बारा वर्षे लागली. ऑगस्ट २०२३ मध्ये २०२५ हे वर्ष पूर्ततेसाठी निश्चित झाले. मात्र मुदतीपेक्षा वाटाघाटींचा विषय कोणता, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

खरी उणीव मालाच्या उगमनिश्चितीच्या नियमांत आहे. शुल्कवर्गीकरणाच्या सहा अंकी उपशीर्षात बदल आणि किमान ३५ टक्के प्रादेशिक मूल्यवर्धन, ही एकच सर्वसाधारण कसोटी रसायनांपासून यंत्रभागांपर्यंत बहुतेक सर्व मालाला लावण्यात आली. वस्तुनिहाय नियम पुढील वाटाघाटींवर सोपविले गेले आणि तेथेच रेंगाळले. त्रयस्थ देशाचा माल आसियानमार्गे सवलतीत येत असल्याच्या तक्रारी वाढल्यावर भारताने २०२० मध्ये सीमाशुल्क कायद्यात कलम २८ डीए समाविष्ट केले. २१ सप्टेंबर २०२० पासून मूल्यवर्धनाची माहिती बाळगण्याची जबाबदारी आयातदारावर आली. समितीच्या मेजावर जे झाले नाही ते देशांतर्गत कायद्याने करावे लागले. सातत्यपूर्ण वाटाघाटींच्या पुरस्कर्त्यांनी या घटनेकडे केलेले दुर्लक्ष अनाकलनीय आहे.

तथापि सर्व दोष कराराच्या माथी मारणेही न्याय्य नव्हे. पाम तेलाचेच उदाहरण घ्यावे. हे विशेष उत्पादन मानून कच्च्या पाम तेलावरील शुल्क ८० टक्क्यांवरून २०१९ अखेर ३७.५ टक्क्यांपर्यंत टप्प्याटप्प्याने उतरविण्याचे भारताने मान्य केले होते. प्रत्यक्षात महागाई रोखण्यासाठी एप्रिल २००८ मध्येच ते शून्यावर आणले गेले आणि जानेवारी २०१३ पर्यंत शून्यच राहिले. कराराने दिलेले संरक्षण ज्या शेतकऱ्याच्या नावे मागितले गेले, त्याच्यासाठी ते कागदावरच होते. लातूर आणि विदर्भातील सोयाबीन उत्पादकाला मिळणाऱ्या भावावर आयात तेलाचा दाब पडतो, हे खरे. पण तो दाब किती असावा हे बव्हंशी दिल्लीतील अधिसूचना ठरवितात. ३० मे २०२५ रोजी कच्च्या खाद्यतेलांवरील मूळ सीमाशुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणले गेले. त्या वेळी आसियानशी पुनरावलोकनाच्या वाटाघाटी सुरूच होत्या, आणि ही कपात त्या वाटाघाटींतून आलेली नव्हती.