कार्टूनमधली काटकसर: यॉगीची कॉलर, स्टीव्हचा थांबा आणि लाल-निळा पडदा

लहान मुलांच्या कार्टूनबद्दल मोठ्या माणसांची दोन मतं ठरलेली असतात. एक, "आमच्या वेळची कार्टून चांगली होती, आताची सगळी स्वस्तातली." दोन, "काही का असेना, तेवढा वेळ पोरं एका जागी बसतात." दुसऱ्या मताशी वाद घालण्यात अर्थ नाही. पहिल्याबद्दल मात्र बोलायला हवं, कारण त्यात एक गृहीतक लपलेलं आहे: जास्त चित्रं म्हणजे चांगलं कार्टून आणि कमी चित्रं म्हणजे वाईट.

डोळा आणि मेंदू मिळून हालचाल कशी ओळखतात, हा माझ्या पीएचडीचा विषय. त्या बाजूने बघितलं तर हे गृहीतक टिकत नाही. टीव्हीवरच्या कार्टूनची किंमत चित्रं मोजून ठरवता येत नाही. मग कशावरून ठरवायची? त्यासाठी आधी ती बनतात कशी, ते बघू.

आधी थोडा हिशोब

सिनेमाची फिल्म सेकंदाला २४ फ्रेम या वेगाने धावते. प्रत्येक फ्रेमला नवं चित्र काढलं तर त्याला अ‍ॅनिमेशनवाले 'ऑन वन्स' म्हणतात. एक चित्र दोन फ्रेम ठेवलं तर 'ऑन टूज', म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. तीन फ्रेम ठेवलं तर 'ऑन थ्रीज', म्हणजे ८.

आता आकडे बघा. थिएटरात दाखवायची सात मिनिटांची कार्टून फिल्म म्हणजे ४२० सेकंद, म्हणजे १०,०८० फ्रेम. टीव्हीचा बावीस मिनिटांचा भाग म्हणजे ३१,६८० फ्रेम. 'ऑन टूज' काढला तरी १५,८४० चित्रं, तीही पडद्यावर एकच पात्र आहे असं धरून. आणि हा भाग दर आठवड्याला हवा. हाताने काम करणाऱ्या स्टुडिओला हे झेपणं शक्यच नव्हतं.

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांना हा हिशोब फार लवकर कळला. 'टॉम अँड जेरी' त्यांचंच. त्या मालिकेने सात ऑस्कर मिळवली, तरीही १९५७ मध्ये एमजीएमने आपला कार्टून विभाग बंद केला. मग या दोघांनी स्वतःची कंपनी काढून टीव्हीसाठी काम सुरू केलं. 'रफ अँड रेडी' १९५७ च्या डिसेंबरात आलं, 'हकलबेरी हाउंड' १९५८ मध्ये आणि 'द फ्लिंटस्टोन्स' १९६० मध्ये.

त्यांनी काटकसर कुठे केली, ते पात्रांच्या गळ्यात दिसतं. यॉगी बेअर अस्वल असूनही कॉलर आणि टाय घालतो. फ्रेड फ्लिंटस्टोन अश्मयुगातला माणूस, त्याच्याही गळ्यात टाय! हा विनोद आहेच, पण त्यामागे कारागिरीही आहे. चित्रं पारदर्शक सेलवर काढून एकावर एक ठेवायची. धड एका सेलवर स्थिर आणि डोकं वेगळ्या सेलवर. बोलताना फक्त डोकं किंवा तोंड बदलायचं, धड तेच. कॉलरमुळे मधला सांधा झाकला जातो. फ्रेड घरात धावत असतो तेव्हा तीच खिडकी आणि तेच टेबल पुन्हा पुन्हा मागे जातं, त्याचंही कारण हेच. पार्श्वभूमीची एकच पट्टी फिरवत ठेवली की काम भागतं.

जपानमध्ये ओसामु तेझुका यांनी 'अ‍ॅस्ट्रो बॉय' १ जानेवारी १९६३ ला सुरू केलं, तेव्हा ते याहून पुढे गेले. 'ऑन थ्रीज', लांबलचक स्थिर चित्रं आणि एकदा काढलेले तुकडे जपून ठेवून पुढच्या भागांत परत वापरायची 'बँक'. १९६६ संपेपर्यंत या मालिकेचे १९३ भाग झाले. बँकेशिवाय ते होणं अवघडच होतं.

मग फसवणूक कळत कशी नाही?

शाळेत आपण शिकलो की डोळ्यावर प्रतिमा क्षणभर टिकून राहते आणि त्यामुळे सिनेमा हलताना दिसतो. दृष्टिसातत्य! खरं सांगायचं तर या स्पष्टीकरणाने काम भागत नाही. आधीची प्रतिमा नुसती टिकून राहिली असती तर दोन चित्रं एकमेकांवर साचून धूसर गिचमिड दिसली असती. हलणारा टॉम दिसला नसता.

माक्स व्हेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये दाखवून दिलं की जवळजवळच्या दोन रेषा योग्य अंतराने एकापाठोपाठ दाखवल्या तर माणसाला एकच रेषा सरकताना दिसते. मधली हालचाल कुठेच नसते. ती मेंदू तयार करतो. याचा दुसरा पुरावा १९८३ मध्ये मिळाला. जर्मनीतल्या संशोधकांनी एल. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका स्त्रीचं वर्णन प्रसिद्ध केलं. मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या ठरावीक भागाला इजा झाल्यावर तिला रंग दिसत होते, आकार दिसत होते, पण हालचाल जवळपास दिसत नव्हती. कपात चहा ओतताना धार गोठल्यासारखी वाटायची. म्हणजे हालचाल बघणं हे मेंदूचं वेगळं खातं आहे, आणि ते खातं अर्धवट माहितीवरही काम करतं.

तोंडाच्या हालचालीचंही तसंच. अमेरिकेत सहसा आवाज आधी ध्वनिमुद्रित करतात आणि मग तोंडाचे आकार बसवतात. जपानी पद्धतीत चित्रं आधी आणि आवाज नंतर, त्यामुळे तोंडाचे बंद, अर्धवट उघडं आणि पूर्ण उघडं असे तीनच आकार बऱ्याचदा पुरतात. चित्र आणि आवाज साधारण एकाच वेळी सुरू झाले आणि एकाच वेळी थांबले की आवाज त्याच तोंडातून येतोय असं आपण धरून चालतो. बोलक्या बाहुल्यांचा खेळ यावरच चालतो. डोरेमॉन आपल्याकडच्या मुलांशी हिंदीत बोलतो आणि कुणाला खटकत नाही, त्यात या तीन आकारांचा मोठा वाटा आहे. नेमके ओठ काढले असते तर डबिंग जास्त खटकलं असतं.

म्हणजे 'स्वस्तातलं' म्हणून आपण ज्याला नावं ठेवतो, तो बराचसा मेंदूच्या सवयींचा हिशेबी वापर आहे. पण म्हणून सगळं माफ, असं माझं म्हणणं नाही. 'बग्ज बनी'वाले चक जोन्स टीव्हीवरच्या या कार्टूनना 'सचित्र रेडिओ' म्हणायचे. टीका कडवट आहे, पण तिच्यातून एक चांगली चाचणी मिळते. डोळे मिटून कार्टून ऐका. सगळी गोष्ट कळली तर चित्रं नेमकी कशासाठी काढली?

या चाचणीत हॅना-बार्बेरांची बरीच कामं नापास होतात, हे मान्य करावं लागेल. 'फ्लिंटस्टोन्स' आवाजावर चालतं. चित्रांतली काटकसर संवाद आणि हशा यांच्यावर खर्च झाली. मोठ्यांना ते चालून गेलं, कारण ती मालिका रात्रीच्या वेळेत, सगळ्या कुटुंबासाठी लागायची. लहान मुलांसाठी हीच काटकसर वेगळ्या ठिकाणी खर्च करता येते का?

थांबलेलं चित्र

येते. माझ्या मते त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे 'ब्लूज क्लूज'. निकलोडियनने १९९६ मध्ये अमेरिकेत सुरू केलेला, तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठीचा कार्यक्रम. कागदाची कात्रणं चिकटवल्यासारखं जग, संगणकावर जोडलेलं, आणि त्यात स्टीव्ह नावाचा एक खराखुरा माणूस. दिसायला अगदी साधं.

यात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे थांबा. स्टीव्ह मुलांना प्रश्न विचारतो आणि थांबतो. बराच वेळ थांबतो. मोठ्यांना अवघडल्यासारखं होतं, पण चार वर्षांच्या मुलाला उत्तर शोधून तोंडातून काढायला तेवढा वेळ लागतोच. पडद्यावर जवळपास काही न हलणं ही अ‍ॅनिमेशनमधली सगळ्यात स्वस्त गोष्ट. इथे तीच मुलाच्या हाती दिली आहे. आणि हा थांबा अंदाजाने ठरलेला नव्हता. कार्यक्रमाच्या चमूत संशोधक होते. भाग पूर्ण होण्याआधी तो मुलांसमोर मांडून बघायचे आणि मुलं कुठे हरवतात, कुठे उत्तर देतात, ते टिपून बदल करायचे.

दुसरी गोष्ट पुनरावृत्ती. वाहिनी एकच भाग सोमवार ते शुक्रवार रोज दाखवायची. 'बनवाबनवी आहे, नवे भाग काढायला नकोत' असं कुणालाही वाटेल. १९९९ मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकच भाग पाच वेळा बघणाऱ्या मुलांना तो जास्त चांगला समजला, आणि ती पडद्याशी बोलायलाही जास्त लागली, असं त्यात आढळलं. आपल्याकडे रोज तीच गोष्ट मागणारं पोर ज्याने झोपवलंय, त्याला याचं नवल वाटणार नाही. तेझुकांची बँक वेळ वाचवायला होती. इथे पुन्हा दाखवणं मुलाच्या उपयोगी पडलं.

हाच निकष मी आपल्याकडच्या 'छोटा भीम'लाही लावते. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड स्टुडिओचं हे कार्टून २००८ मध्ये पोगोवर आलं. भीमाने लाडू खाल्ला की ताकद येते, हा ठरलेला प्रसंग मुलांना हवाच असतो. त्या पुनरावृत्तीला मी नावं ठेवणार नाही. माझी तक्रार पुढच्या मारामारीबद्दल आहे. तिथे मुलाला विचार करायला जागाच नसते. लाडू पोटात गेला की गोष्ट संपल्यातच जमा.

लाल-निळा पडदा

आता काटकसरीची काळी बाजू. १६ डिसेंबर १९९७ च्या संध्याकाळी जपानमध्ये 'पोकेमॉन'चा ३८ वा भाग लागला. त्यात पिकाचूच्या विजेने क्षेपणास्त्रं फुटतात आणि साधारण चार सेकंद पडदा लाल आणि निळ्या रंगात आळीपाळीने उघडमीट करतो, सेकंदाला सुमारे १२ वेळा. ६८५ मुलांना रुग्णवाहिकेने इस्पितळात नेलं गेलं. त्यातल्या अनेकांना आधी कधीही झटके आले नव्हते. संध्याकाळच्या बातम्यांत तोच तुकडा पुन्हा दाखवला गेला, तेव्हा आणखी काही जणांना त्रास झाला.

पुढच्या दिवसांत हजारो मुलांच्या तक्रारी आल्या. त्यातल्या बऱ्याच धास्तीमुळे पसरल्या असाव्यात, असं काही संशोधकांनी नंतर मांडलं. ते खरं मानलं तरी पहिल्या संध्याकाळचे झटके खोटे ठरत नाहीत.

कारण समजून घ्या. 'पाका-पाका' नावाचं हे तंत्र जपानी कार्टूनमध्ये आधीपासून वापरात होतं. दोन रंगांच्या फ्रेम आलटून पालटून दाखवा, नवं चित्र न काढता पडद्यावर थरार तयार. मघाशी आपण बघितलं की मेंदू दोन स्थिर चित्रांमधून हालचाल बनवतो. तोच मेंदू सगळा पडदा व्यापणाऱ्या वेगवान झगमगाटाने फार मोठ्या प्रमाणावर एकत्र चेतवला जाऊ शकतो, आणि गडद लाल रंग यात जास्त धोक्याचा असतो. प्रकाशाला संवेदनशील असणाऱ्या काही जणांत, विशेषतः लहान आणि किशोरवयीन मुलांत, याने झटका येतो.

मला जास्त टोचतं ते पुढचं. ही माहिती १९९७ मध्ये नवी नव्हती. ब्रिटनमध्ये १९९३ साली एका जाहिरातीमुळे प्रेक्षकांना झटके आले होते आणि त्यानंतर तिथे झगमगाटाबद्दल नियम झाले होते. संशोधन छापलेलं होतं. ते चित्रं जोडणाऱ्या टेबलापर्यंत पोचलं नाही. जपानमध्ये नियम आले ते एप्रिल १९९८ मध्ये: सेकंदाला तीनपेक्षा जास्त उघडमीट शक्यतो नको, गडद लाल रंगाबाबत खास काळजी घ्या. उजेडात बसा, टीव्हीपासून लांब बसा, ही जपानी कार्टूनच्या सुरुवातीला दिसणारी सूचना त्याच प्रकरणानंतरची.

मग चांगलं कार्टून कोणतं?

तिन्ही उदाहरणांत काटकसर आहे. हॅना-बार्बेरांनी चित्रं वाचवून संवाद दिले. 'ब्लूज क्लूज'ने चित्रं वाचवून मुलाला वेळ दिला. 'पोकेमॉन'च्या त्या चार सेकंदांत चित्रं वाचवून नुसता थरार दिला, आणि समोरच्या मुलाच्या डोळ्यांना काय होईल हे कुणी तपासलं नाही. म्हणून माझा निकष चित्रांच्या संख्येचा नाही. वाचवलेली चित्रं कुठे खर्च झाली, आणि बनवताना कुणीतरी खऱ्या मुलाकडे बघितलं होतं का, एवढंच मी विचारते.

हे तुम्हाला घरीही करता येईल. पुढच्या वेळी पोराशेजारी दहा मिनिटं बसा. दोन मिनिटं आवाज बंद करा: चित्रांवरून काही कळतंय का? दोन मिनिटं डोळे मिटा: चित्रांची गरज होती का? मग उरलेली सहा मिनिटं पडद्याकडे न बघता पोराकडे बघा. ते बोलतंय, बोट दाखवतंय, पुढे काय होणार ते सांगतंय, की नुसतं गप्प बसलंय? गप्प बसणं म्हणजे लगेच वाईट असं नाही. पण कार्टूनने त्याला बोलायला कधी जागा दिली होती का, हे तुम्हाला नक्की दिसेल. आणि हो, खोलीतला दिवा चालू ठेवा.