शहाणपण कोणाचें?

अँड्र्यू ग्रोव्ह यांचें ‘ओन्ली द पॅरानॉइड सर्व्हाइव्ह’ हें पुस्तक सन १९९६ मध्यें प्रसिद्ध झालें आणि व्यापारशिक्षणाच्या वर्गांतून तें पोथीसारखें वाचलें जाऊं लागलें. कारखानदारांनीं आपल्या शहाणपणाचे गोडवे आपणच गावे, ही जी नवी वाङ्मयजाति अमेरिकेंत निपजली आहे तिच्याविषयीं आमचें मत फारसें अनुकूल नाहीं. हें पुस्तक मात्र आम्हीं दोनदां वाचलें, आणि दुसऱ्या वेळीं तें आम्हांस निराळेंच दिसलें.

वक्ररेषेचा बांक जेथें उलटतो त्या बिंदूची उपमा गणितांतून घेऊन ग्रोव्ह म्हणतात कीं, प्रत्येक धंद्यास असा एक क्षण येतो. तेव्हां जुनी वाट सोडली नाहीं तर उतरती कळा ठरलेली. यांत नवें फारसें नाहीं. पुस्तकाचा जीव आहे तो इंटेलच्या कथेंत.

सन १९६८ मध्यें स्थापन झालेली ही कंपनी संगणकाच्या मेमरी चिप्स करून मोठी झाली. पुढें जपानी कारखाने तोच माल अधिक चांगला व स्वस्त देऊं लागले. सन १९८५ मध्यें ग्रोव्हांनीं आपले सहकारी गॉर्डन मूर यांस विचारलें कीं, आपणांस काढून नवा मुख्याधिकारी आणला तर तो काय करील? मेमरीचा धंदा सोडील, असें मूर उत्तरले. मग आपणच दाराबाहेर जाऊन परत येऊं व तेंच करूं, असें ठरलें.

हा प्रसंग सर्वतोमुखीं झाला आहे. पण ग्रोव्ह पुढें प्रांजळपणें लिहितात कीं, निर्णय झाला तेव्हां कंपनीच्या आठ कारखान्यांपैकीं एकांतच मेमरी चिप्स होत होत्या! उत्पादनाची आंखणी करणारे मधल्या फळीचे लोक, नफ्याचा हिशेब पाहून, महिन्यामागून महिने कारखाने मायक्रोप्रोसेसरकडे वळवीत होते. वरिष्ठांचा वाद तेव्हांही चालूच होता.

हीच कबुली आम्हांस ग्रंथाचें मर्म वाटते, आणि ग्रंथाचें नांव तिच्याशीं विसंगत आहे. भय वरच्या मजल्यावर होतें, दृष्टि खालच्या. बाजाराचें भय हवें, वरिष्ठांचें नको, हा भेद लेखक करतात खरा. पण सासरा सदा धास्तावलेला असेल त्या घरांत सुनांनीं निर्धास्त बोलावें कसें?

दुसरें उणें याहून गंभीर. या स्थित्यंतरांत हजारों लोकांच्या नोकऱ्या गेल्या. लेखक स्वतः विसाव्या वर्षीं हंगेरी सोडून आलेले निर्वासित. बदलाच्या कालास ते मृत्यूची दरी म्हणतात. पण पुस्तक दरी ओलांडणाऱ्यांचें आहे, दरींत राहिलेल्यांचें नाहीं.

ग्रोव्ह सन २०१६ मध्यें वारले. आयफोनची चिप करण्याची संधि इंटेलनें त्यापूर्वींच दवडली होती. मन होय म्हणत होतें, पण खर्चाचा अंदाज नाहीं म्हणत होता, आणि अंदाजच चुकीचा निघाला, असें तेव्हांचे मुख्याधिकारी पॉल ओटेलिनी यांनीं सन २०१३ मध्यें सांगितलें. सन २०२४ मध्यें कंपनीनें सुमारें १५,००० नोकऱ्या कमी करण्याचें जाहीर केलें. सन १९८५ मध्यें हिशेब बरोबर होता आणि नेत्यांचें मन मागें राहिलें; येथें उलट झालें. दोहोंपैकीं केव्हां कोणाचें ऐकावें, याचें उत्तर ग्रोव्हांच्या पुस्तकांत आम्हांस सांपडलें नाहीं.