श्मिटचे घर

फ्रेडरिक टेलर यांचे ‘द प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट’ हे १९११ सालचे पुस्तक. प्रत्येक कामाला योग्य माणूस, आणि ती निवड अंदाजाने नव्हे तर मोजमापाने, हे त्याचे सूत्र. आज संगणक नोंदींचे ढीग उपसून कामगाराला काम नेमून देतो, त्याचे एक मूळ येथे आहे.

अमेरिकेतील बेथलहेमच्या पोलाद कारखान्यात मजूर दिवसाला साडेबारा टन लोखंड उचलून गाडीत भरीत. श्मिट नावाच्या मजुराकडून टेलरनी साडेसत्तेचाळीस टन उचलून घेतले. मजुरी एक डॉलर पंधरा सेंटांवरून एक डॉलर पंच्याऐंशी सेंटांवर गेली. म्हणजे काम जवळजवळ चौपट आणि मजुरी दुप्पटही नाही. लेखक हा हिशेब अभिमानाने मांडतो. अशा कामाला बैलासारख्या मंद बुद्धीचाच माणूस लागतो, हेही सांगून टाकतो.

पण हा श्मिट कामाच्या आधी आणि नंतर स्वतःचे घर बांधीत होता. टेलरनीच हे नोंदवले आहे, तो पैशाला जपणारा होता हे दाखवण्यासाठी! भिंती उभ्या करणारा माणूस बैल कसा, हा प्रश्न त्यांना पडत नाही. त्यांच्या तक्त्यात वजनाचा रकाना आहे, घराचा नाही.

आपल्याला हा तक्ता परका नाही. जातिव्यवस्था श्रमाबरोबर श्रमिकांचीही वाटणी करते आणि ती कुवत पाहून नव्हे, जन्म पाहून करते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिले. कुवतीप्रमाणे काम याला त्यांचा विरोध नव्हता. कुवत वाढवण्याची आणि काम निवडण्याची मोकळीक कोणाला, हा त्यांचा प्रश्न होता. मागच्या नोंदींवरून पुढचे काम सुचवणारे यंत्र तो प्रश्न विचारीतच नाही. नोंदीत झाडू असेल तर ते झाडूच सुचवील. त्याला जात विचारावी लागणार नाही.

नागपूर महापालिकेने २०१८ च्या सुमारास सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली. खोटी हजेरी थांबावी म्हणून, असे सांगतात. थांबावीच. पण घड्याळाला माणूस कोठे उभा आहे एवढेच कळते. हातात मोजे आहेत की नाहीत, हे कळत नाही.

श्मिटचे खरे नाव हेन्री नोल. ते पुढे अभ्यासकांनी उजेडात आणले. टेलरच्या पुस्तकात ते नाही.