पडद्यावरचा मोशे आणि ग्रंथातला मोशे

‘द प्रिन्स ऑफ इजिप्त’ हा ड्रीमवर्क्सचा चित्रपट १९९८ साली प्रदर्शित झाला. आपल्या मुलाबाळांनी तो घरोघरी पाहिला आहे, आणि मोशे म्हटला की अनेकांच्या डोळ्यांपुढे तीच रेखाटलेली मूर्ती उभी राहते. म्हणूनच तो ग्रंथाशी ताडून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

रथांच्या शर्यतीत घडणीत असलेल्या स्फिंक्सचे नाक तुटते. वस्तुतः गिझाचा स्फिंक्स दुसऱ्या रामसेसच्या बाराशे वर्षे आधीचा. पण हा विनोद आहे, तो सोडून द्यावा. फारोला रामसेस म्हणणे हाही तर्कच. निर्गमाच्या पुस्तकात फारोचे नाव नाही. रामसेस हे नाव येते ते इब्री लोकांनी बांधलेल्या कोठारांच्या नगराचे. अनेक अभ्यासक ही घटना ख्रिस्तपूर्व तेराव्या शतकात मानतात, तेव्हा या तर्काला आधार आहे.

आमची खरी तक्रार वेगळी आहे. ग्रंथात बाळ मोशेला नदीतून उचलते ती फारोची कन्या. बापाने जे बालक मारण्याची आज्ञा दिली, तेच ती पदरी घेते. चित्रपटात तिच्या जागी राणी आली, कारण मोशे व रामसेस यांना भाऊ करायचे होते. त्या भाऊपणामुळे कथेला मोठी करुणा लाभली, हे कबूल केलेच पाहिजे. ज्येष्ठ पुत्राच्या मृत्यूनंतर रामसेसपुढे उभा राहिलेला मोशे विसरता येत नाही. परंतु त्यापायी कन्येची अवज्ञा गेली. तशाच शिप्रा व पुवा या दोन सुइणीही गेल्या. फारोचा हुकूम मोडणाऱ्या या साध्या बायकांची नावे ग्रंथाने जपली, फारोचे मात्र जपले नाही!

त्याहून गंभीर बदल मिसरी मनुष्याच्या वधाचा. ग्रंथातला मोशे इकडेतिकडे पाहतो, कोणी नाही अशी खात्री करून घेतो, वध करतो आणि प्रेत वाळूत पुरतो. पडद्यावर मात्र तो आवेगाने धाव घेतो, धक्का बसतो आणि मुकादम उंचावरून कोसळतो, जणू अपघातच. मुलांसाठी सौम्यता हवी, हे आम्ही मानतो. शेवटच्या पीडेचे दृश्य याच चित्रपटात किती संयमाने उतरले आहे! शुभ्र धुक्याची एक झुळूक, दारामागे फुटलेले मडके, निष्प्राण पडलेला हात. मग वधाच्या बाबतीत तेवढाच संयम का चालला नसता? तेथे सौम्य केले ते दृश्य नव्हे, तर दोष.

अहरोनावर तर उघड अन्याय झाला आहे. ग्रंथात तो मोशेचा थोरला भाऊ. मोशे ऐंशीचा व तो त्र्याऐंशीचा असताना दोघे फारोपुढे उभे राहतात, आणि जड जिभेच्या मोशेच्या वतीने बोलतो तोच. पडद्यावर तो दीर्घकाळ भित्रा व कुत्सित आहे. ज्या सोन्याच्या वासरामुळे त्याच्यावर खरोखरच ठपका येतो, ते मात्र कोठेच नाही. कारण मोशे पाट्या घेऊन उभा राहताच चित्रपट संपतो, आणि खाली लोक काय करीत होते ते निर्गमाच्या बत्तिसाव्या अध्यायातच राहते.